ताक, मीठ, दम आणि गप्पा: झाडांचे लाड करताना या चुका टाळा

आमच्या परसातला फणस वर्षानुवर्षं धरत नव्हता. एकदा आजोबा कोयता घेऊन त्याच्यासमोर उभे राहिले. "औंदा धरला नाहीस तर तोडून टाकीन!" ठरल्याप्रमाणे आजी पुढं आली. "अहो, राहू द्या, पुढल्या वर्षी धरेल तो." असा दम द्यायची रीत बऱ्याच गावांत आहे आणि मला ती फार आवडते.

तोंडी दमानं झाडाला काही होत नाही. पण बरेच जण कोयत्यानं साल सोलतात, शेवग्याला खिळे ठोकतात. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांकडं जातं. खोडाभोवती साल पूर्ण गोल निघाली तर मुळं उपाशी राहतात आणि झाड वाळतं. शेवग्याचं लाकूड तर इतकं मऊ असतं की खिळ्याच्या जखमेतून पाणी शिरून ते कुजतं. त्याला शेंगा हव्या असतील तर हंगाम संपल्यावर छाटणी करा आणि पाण्याचा मारा कमी करा.

दमाची खरी जागा ताणात आहे. डाळिंब-मोसंबीचे बागायतदार बहार धरायचा म्हणजे आधी पाणी तोडतात, पानगळ होऊ देतात आणि मग खत-पाणी देतात. कुंडीतल्या लिंबालाही हे चालतं, फक्त कुंडीतली माती थोडी, म्हणून काही दिवसांचाच ताण पुरतो. पानं किंचित मलूल झाली की थांबा. लहान रोपाला किंवा मे महिन्याच्या उन्हात ताण देऊ नका, रोप हातचं जाईल.

आता कढीलिंब. त्याला ताक घालायची पद्धत चांगलीच, पण जेवणानंतर उरलेलं मीठ-मिरचीचं ताक किंवा कढी कुंडीत ओतली तर मुळं करपतात. अळणी ताक घ्या, एका वाटीला दहा वाट्या पाणी, महिन्यातून एक-दोनदा. दाट ओतलं तर वास येतो, मातीवर बुरशी धरते. एवढं करूनही झाड तसंच राहिलं तर दोष ताकाचा नसतो. ऊन किती मिळतं ते बघा, पाच-सहा तास तरी हवं. थंडीत ते थांबतंच, तेव्हा घाई करू नका. एकेक पान ओरबाडण्याऐवजी शेंड्याची डहाळी खुडा, तिथून दोन फांद्या फुटतात. मी सांगेन, दहा वेळा ताक घालण्यापेक्षा हे एक खुडणं मोलाचं.

माडाच्या बुंध्याशी मीठ घालतात ते पाहून मोगऱ्याला मीठ घालू नका. माडाला मिठातलं क्लोराईड लागतं आणि खारट जमीन सोसते. मोगऱ्याच्या बाबतीत मात्र मीठच मुळांतलं पाणी बाहेर ओढून घेतं. गुलाबाला चहाचा चोथा धुऊन, वाळवूनच घाला, नाहीतर दूध-साखरेमुळं मुंग्या येतात. अंड्याची टरफलं अख्खी टाकली तर कुजायला फार वेळ लागतो, पूड करा.

राहिल्या गप्पा आणि गाणी. जगदीशचंद्र बोस यांनी झाडाची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवणारं यंत्र बनवलं आणि वनस्पती स्पर्शाला, इजेला प्रतिसाद देतात हे दाखवलं. म्हणून वाटतं, रोज कुरवाळलं की रोप भराभर उंच होईल. होतं उलटं! वारंवार स्पर्श झालेली रोपं बुटकी आणि दणकट होतात. टोमॅटोची रोपं किडकिडीत होऊन लवंडत असतील तर दिवसातून एक-दोनदा तळहात अलगद फिरवा. उंची हवी असेल तर हात लावू नका, नुसतं बोला. बोलता बोलता पान उलटून बघा. पिठ्या ढेकणाचे पांढरे पुंजके दिसले, तर ओल्या फडक्यानं त्याच दिवशी पुसून काढा.