मधुमेह आणि आखडलेला खांदा: या चुका टाळा

ब्लाउजचा मागचा हूक लागत नाही, मागच्या खिशातलं पाकीट काढताना जीवघेणी कळ येते, एसटीत वरचा दांडा धरता येत नाही. खांदा आखडल्याची तक्रार अशीच कानावर येते आणि तोवर दोन-तीन महिने सहज निघून गेलेले असतात. हा आखडलेला खांदा, म्हणजेच फ्रोजन शोल्डर, सर्वसाधारण लोकांत शंभरातल्या २ ते ५ जणांना होतो, मधुमेहींत साधारण १० ते २० जणांना. शिवाय मधुमेहींचा खांदा सुटायला वेळही जास्त घेतो. तरी शुगरच्या डॉक्टरांना खांद्याचं आणि हाडांच्या डॉक्टरांना शुगरचं नीट सांगणारे पेशंट कमीच. दोन फायली, दोन दवाखाने, आणि मधे निरोप पोचवणारं कुणी नाही. खालच्या बऱ्याचशा चुकांचं मूळ तिथं आहे.

एक्स-रे चांगला आला म्हणून सोडून देणं

फ्रोजन शोल्डरमध्ये एक्स-रे बहुतेक वेळा चांगलाच येतो, कारण बिघाड हाडात नसतो. सांध्याभोवतीचं वेष्टण सुजतं, जाड होतं आणि आक्रसतं. एक्स-रे काढायचा तो सांध्याची झीज किंवा कॅल्शियमचा साठा नाही ना, हे बघायला.

घरी एक गोष्ट तपासता येते. आरशासमोर उभे राहा, दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा, काटकोनात वाकवा आणि पंजे बाहेरच्या बाजूला उघडा. आखडलेल्या बाजूचा हात थोडा हलून अडतो. आता घरातल्या कुणाला तरी तोच हात हळूच बाहेर न्यायला सांगा. त्यांच्याही हातून तो तिथंच अडला, तर शंका फ्रोजन शोल्डरची. तुम्हाला हात उचलता येत नाही पण दुसऱ्याने उचलला की वर जातो, असं असेल तर स्नायूबंध फाटल्याची शक्यता बघावी लागते. त्याचे उपचार वेगळे.

डाव्या खांद्याबाबत एक सावधगिरी. जिना चढताना दुखतं, थांबलं की कमी होतं, सोबत घाम, धाप, मळमळ किंवा जबड्यात कळ, असं काही असेल तर तेल चोळत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. मधुमेहींना हार्ट अटॅक येताना छातीत फारसं न दुखण्याची शक्यता असते.

उलटंही होतं. खांदा आखडलाय, पण शुगर कधी तपासलेलीच नाही. अशा माणसाने शुगर आणि थायरॉईड दोन्ही बघून घ्यावं.

हात गळ्यात बांधणं, नाहीतर झटका देऊन मोकळा करायला जाणं

ही दोन टोकं आहेत आणि एकाच घरात दोन्ही दिसतात. सासूबाई म्हणतात हात अजिबात हलवू नकोस, दीर म्हणतात अमुक गावच्या हाडवैद्याकडे एका झटक्यात सुटतो. हात झोळीत टाकला की वेष्टण आणखी आक्रसतं. झटक्याने स्नायूबंध फाटू शकतो, हाड ठिसूळ असेल तर मोडूही शकतं.

दुखणं साधारण तीन टप्प्यांतून जातं: आधी दुखणं वाढत जातं आणि रात्रीची झोप उडते, मग दुखणं उतरतं पण खांदा जाम राहतो, मग हळूहळू हालचाल परत येते. सगळं मिळून एक ते तीन वर्षं. पहिल्या टप्प्यात ताण कमी, नुसतं हात लोंबता सोडून छोटे झोके. जोर लावायचा तो दुसऱ्या टप्प्यापासून, तोही बेतानं. व्यायामानंतरची ठणक अर्ध्या-पाऊण तासात शमायला हवी. त्या रात्री झोप लागली नाही तर उद्या कमी करा, बंद करू नका. एकदाच तासभर खांद्याशी झुंजण्यापेक्षा पाच-पाच मिनिटं चार-पाच वेळा केलेलं जास्त कामाला येतं.

व्यायामातली सगळ्यात मोठी फसवणूक भिंतीवर बोटं चढवताना होते. बोटं रोज एक-दोन इंच वर जातात, माणूस खूश. प्रत्यक्षात खांदा कानाकडे चढलेला असतो, कंबर वाकलेली असते आणि हलतोय तो पाठीवरचा खवाटा, सांधा नाही. आरशात बघून करा. खांदा वर उचलला जायला लागला की तिथंच थांबा.

दुसरं म्हणजे हात बाहेर उघडण्याचा व्यायाम लोक विसरतातच. दाराला पुली टांगून ओढत बसतात, पण बहुधा सगळ्यात आधी जाते ती ही बाहेर वळण्याची हालचाल. उताणे झोपा, दुखऱ्या कोपराखाली पंचाची घडी ठेवा, कोपर काटकोनात. दोन्ही हातांत लांब छत्री किंवा झाडूचा दांडा आडवा धरा आणि चांगल्या हाताने दांडा ढकलून दुखरा पंजा बाहेर न्या. कोपर अंगापासून सुटता कामा नये. ताण जाणवला की दहा-पंधरा सेकंद थांबा, परत या. दिसायला हा व्यायाम अगदीच किरकोळ आहे, म्हणून टाळला जातो. माझ्या मते बाकी काही नाही झालं तरी हा रोज व्हायला हवा.

इंजेक्शन घेतलं, पण शुगरवाल्या डॉक्टरांना कळवलंच नाही

सांध्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन म्हटलं की निम्मे पेशंट घाबरून उठतात. उरलेले दुखण्याला इतके कंटाळलेले असतात की शुगरचा विषयच काढत नाहीत. दुखण्याच्या पहिल्या टप्प्यात हे इंजेक्शन खरोखर उपयोगी पडतं, मधुमेह आहे म्हणून ते सरसकट वर्ज्य नाही. पण त्यातलं औषध रक्तात उतरतं आणि शुगर चढते. पहिले दोन-तीन दिवस जास्त, कधीकधी आठवडाभर. रोज १५० च्या आसपास असणाऱ्याला अचानक ३०० दिसलं की घरात धावपळ होते, आणि कुणीतरी आपल्याच मनाने गोळी दुप्पट करतं.

म्हणून तारीख ठरण्याआधी मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन करा आणि तीन गोष्टी लिहून घ्या: शुगर दिवसातून कितीदा बघायची, किती आकडा दिसला की कळवायचं, आणि इन्सुलिन किंवा गोळ्यांत काय बदल करायचा. नुसती उपाशीपोटीची बघू नका, जेवणानंतरचीही बघा. डोस वाढवला असेल तर औषधाचा असर ओसरताना तो कमीही करावा लागतो. ते राहून गेलं तर शुगर घसरते. शुगर आधीच हाताबाहेर असेल, तर इंजेक्शन दोन-तीन आठवडे पुढे ढकलणं शहाणपणाचं.

इंजेक्शननंतर ताप आला, खांदा लाल-गरम झाला किंवा दुखणं वाढतच गेलं, तर सांध्यात जंतुसंसर्ग झालाय का हे त्याच दिवशी दाखवून घ्या. आणि दुखणं उतरलं म्हणून व्यायाम सोडू नका. ते चार-सहा आठवडे हालचाल कमावण्यासाठीच मिळालेले असतात.

मेडिकलमधून परस्पर गोळ्या

डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर किडनीवर ताण येतो. मधुमेहीची किडनी आधीच नाजूक असू शकते आणि बीपीच्या काही गोळ्यांसोबत धोका वाढतो. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासल्याशिवाय या गोळ्या लांबवू नका. कुठल्याशा पुडीने दोन दिवसांत दुखणं गायब झालं आणि शुगर मात्र उसळली, तर ती पुडी आधी डॉक्टरांना दाखवा. बिनलेबलच्या अशा औषधांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं.

शेक किती गरम आहे ते स्वतःच ठरवणं

मज्जातंतूंची संवेदना कमी झाली असेल तर चटका जाणवत नाही, फोड आल्यावर कळतं, आणि ती जखम भरायला वेळ घेते. पिशवी किंवा निर्गुंडीची पुरचुंडी आधी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाताला लावून बघा, मधे टॉवेल ठेवा. विजेचा पॅड लावून झोपणं तर नकोच.

शुगर उतरली की खांदा सुटेल अशी आशा

रक्तातली साखर प्रथिनांना चिकटते. एचबीए१सीमध्ये आपण हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजतो, तसाच प्रकार सांध्याच्या वेष्टणातल्या कोलॅजन या प्रथिनाबाबत होतो आणि ते ताठर बनतं. कोलॅजन शरीरात फार सावकाश बदलतं. त्यामुळे महिनाभर गोड सोडून खांदा हलका होत नाही, आणि ‘शुगर तर नॉर्मल आली, मग अजून का दुखतं’ असं म्हणून लोक दोन्ही उपचार सोडतात. नमस्कार करताना दोन्ही हातांच्या बोटांमधे फट राहते का, हेही बघा. राहत असेल तर बोटांचे सांधेही ताठर होतायत आणि ते डॉक्टरांना सांगायला हवं.

खांदा दुखतो म्हणून सकाळचं चालणं बंद करू नका. इन्सुलिन दंडात टोचत असाल आणि हात पोचत नसेल, तर पोटावर किंवा मांडीवर घ्या. जागा बदलल्याने औषध शोषलं जाण्याचा वेग बदलतो, म्हणून डॉक्टरांना विचारून.

ऑपरेशनची घाई

ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत स्टेरॉईड इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा हलवणं आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया अशी तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर तिन्हींपैकी कुठलाही उपचार बाकीच्यांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. सहा महिने व्यायाम आणि उपचार नेटाने करूनही हालचाल जागची हलत नसेल, तेव्हा ऑपरेशनबद्दल बोलावं.

एकदा सुटलेला खांदा सहसा पुन्हा आखडत नाही, पण मधुमेहींत दुसरा खांदा धरण्याची शक्यता बरीच असते. त्या बाजूला रात्री कुशीवर झोपताना दुखायला लागलं, की या खेपेला हूक लागेनासा होईपर्यंत थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा. इंजेक्शनचा उपयोग सगळ्यात जास्त तेव्हाच होतो.