खुडूक कोंबडी: बसवायची की उठवायची? या चुका टाळा

तिन्हीसांजेला बाकीच्या कोंबड्या दांडीवर चढतात आणि एकटीच अंड्यांच्या टोपलीत पसरून राहते. हात घातला की पिसं फुगवते, गुरगुरते, टोच मारते. दिवसातून एकदाच उठते, चार दाणे टिपते, भलीमोठी घाणेरडी विष्ठा टाकते आणि परत जागेवर. ती आजारी नाही, खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे.

पुढचे बहुतेक घोळ एकाच गोष्टीतून होतात: घरात कुणी निर्णयच घेत नाही. रोज तिच्याखालची अंडी काढून न्यायची, पण तिला मात्र तिथेच बसू द्यायचं. मग ती रिकाम्या टोपलीत तीन-चार आठवडे काढते. अंडी बंद, वजन उतरलेलं, तुरा फिका. शिवाय टोपली अडवल्यामुळे दुसऱ्या कोंबड्या कुठेतरी झुडपात अंडी घालू लागतात. म्हणून खुडूकपणा मोडून उठवायची की अंडी उबवायला बसवायची, हे पहिल्या दोन दिवसांतच ठरवून टाका.

उठवायची असेल तर

पाण्यात बुचकळणं, नाकपुडीत पीस खुपसणं, पाय बांधून ठेवणं हे प्रकार अजून गावोगाव चालतात. पीस खुपसल्याने जखम होते, पावसाळ्यात भिजवली तर कोंबडी गारठते. हे सोडाच.

पण याहून नेहमीची चूक म्हणजे तिला डालग्याखाली झाकून ठेवणं. अंधार, आडोसा, पोटाखाली ऊब यानेच खुडूकपणाचं संप्रेरक, म्हणजे प्रोलॅक्टिन, टिकून राहतं. डालग्याखाली तिला तेच आयतं मिळतं! तिला हवी उलट सोय: तळालाही जाळी असलेला पिंजरा, दोन्हीकडे विटा लावून जमिनीपासून उचललेला, सावलीत पण भरपूर उजेडात. आत पेंढा नको. दाणापाणी मात्र कमी करायचं नाही. उपाशी ठेवल्याने फक्त अंड्यावर यायला उशीर होतो. लवकर हात घातला तर तीन-चार दिवसांत काम होतं. सोडल्यावर पुन्हा टोपलीकडेच धावली तर आणखी दोन दिवस आत. त्यानंतरही अंडं लगेच मिळणार नाही, दोन-तीन आठवडे धीर धरा.

बसवायची असेल तर

कळपात कोंबडा नसेल तर तुमची अंडी उबणार नाहीत, आणि दुकानातली लेअरची, म्हणजे फार्मवरच्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांची, अंडीही नाहीत. शेजाऱ्याकडून गावठी अंडी आणा. गिरिराज या संकरित जातीची अंडी फलित असतील तर उबतात, पण पिलं आईबापासारखी निघतीलच असं नाही. फ्रिजमधली, धुतलेली, तडकलेली बाजूला काढा. थंडीत आठवडाभरापर्यंतची चालतात, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांच्या आतलीच घ्या.

दहा-बारा अंडी पुरेत. आहेत म्हणून अठरा ठेवली की कडेची रोज गार पडतात आणि फिरवाफिरवीत सगळ्यांचाच बिघाड होतो. सगळी एकाच दिवशी ठेवा आणि पेन्सिलीने खूण करा. ही खूण टाळतात तिथेच मोठा फटका बसतो. दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपलीत येऊन घालतात, अंडी वेगवेगळ्या वयाची होतात, आणि एकविसाव्या दिवशी पहिली पिलं निघाली की आई उरलेली अर्धवट अंडी सोडून त्यांच्यामागे जाते. त्यामुळे तिला वेगळ्या कोपऱ्यातच बसवा. हलवायचं ते रात्री, आणि आधी दोन दिवस खोट्या किंवा नेहमीच्या खायच्या अंड्यांवर बसते का ते बघा.

बसवण्याआधी पंखाखाली उवा-पिसवा तपासा. उवांनी बेजार झालेली कोंबडी मधेच उठून जाते. जवळ कोरड्या राखेचा खड्डा ठेवा, ती स्वतःच लोळते. दाणा अख्खा द्या, ज्वारी किंवा मका. विष्ठा घट्ट राहते, अंडी कमी बरबटतात.

सातव्या रात्री अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंडी धरा. लालसर धाग्यांचं जाळं दिसलं तर चालू, नितळ दिसलं तर काढून टाका. नासून फुटलेलं एक अंडं सगळी टोपली घाण करतं. अठराव्या दिवसानंतर मात्र हात नको. कवचाला भोक पडल्यावर पिलू बाहेर यायला दिवसभरही लागू शकतो. टरफल सोलून मदत करायला जाल तर रक्तस्राव होऊन ते जातं.

निघालेल्या पिलांना पहिला दिवस खायला घालायची घाई नको, पोटातला बलक त्यांना पुरतो. पाणी उथळ ताटलीत खडे टाकून द्या, नाहीतर बुडतात. लेअरचं खाद्य पिलांना घालू नका, त्यातलं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. आणि पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लासोटा लस चुकवू नका. कुपीत शेकड्याने डोस असतात आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून लोक टाळतात. आळीतल्या दोन-तीन घरांनी कोंबड्या एक-दोन दिवसांच्या फरकाने बसवल्या तर एका कुपीत सगळ्यांचं भागतं.