ओला कडुनिंब तडकू नये म्हणून

लेथवर (लाकूड फिरवत कोरायच्या यंत्रावर) वाडगा कातायला आणलेला ओला कडुनिंब खान्देशच्या उन्हाळी झळांत बघता बघता टोकांकडून तडकतो. पाणी तिथूनच सगळ्यात वेगानं उडतं.

१. ओंडका वाडग्याच्या व्यासापेक्षा १० सेंमी लांब कापा, म्हणजे तडकलेली टोकं छाटता येतील.

२. त्याच दिवशी उभा चिरून मधला भेंड (खोडाच्या मध्यातला मऊ गाभा) काढा, टोकांना फेव्हिकॉलचे दोन जाड हात द्या.

३. लगेच कच्चा वाडगा काता. २५ सेंमी व्यासाला भिंत २.५ सेंमी हवीच. सुकताना तो लंबगोल होतो, पातळ ठेवलात तर पुन्हा गोल करायला लाकूडच उरत नाही. भुशासकट कागदी पिशवीत, आतल्या खोलीत ठेवा. दर आठवड्याला वजन करा. सलग तीनदा तेच भरलं की पुन्हा लेथवर चढवून शेवटचा हात फिरवा.

प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, काळी बुरशी चढते. कूलरच्या झोतातही नको.