लॅबच्या कॉम्प्युटरवर आपला नेटवर्क फोल्डर कसा जोडायचा

अक्कलकोट, बार्शी, मोहोळहून रोज एसटीने सोलापूरला येणाऱ्या कितीतरी मुलामुलींचा सगळा प्रोजेक्ट एकाच पेनड्राइव्हवर असतो. तो लॅबच्या दहा मशिनांत फिरतो, व्हायरस घेऊन येतो आणि एखाद्या दिवशी बसच्या सीटवरच राहतो. ज्या कॉलेजात विद्यार्थ्याला सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली साठवणाऱ्या मुख्य कॉम्प्युटरवर, स्वतःची जागा मिळते, तिथे ही जोखीम घ्यायची गरजच नाही. जोडणीला दोन मिनिटं लागतात. खरी काळजी घ्यायची ती उठताना, कारण मशिन आपलं नसतं.

आधी लॅब असिस्टंटकडून तीन गोष्टी वहीत लिहून घ्या: सर्व्हरचं नाव, शेअरचं (सर्व्हरवरच्या नेटवर्कला खुल्या केलेल्या फोल्डरचं) नाव आणि यूजरनेम कोणत्या पद्धतीने टाकायचं. तिसरी गोष्ट विचारायची राहते आणि तिथेच गाडी अडते. लॅबची मशिनं बऱ्याचदा एकाच सामाईक लॉगिनवर चालतात. तिथे नुसतं यूजरनेम टाकलं तर विंडोज ते भलत्याच ठिकाणचं समजू शकतं. म्हणून आधी डोमेनचं (कॉलेजची सगळी लॉगिन सांभाळणाऱ्या नेटवर्कचं) नाव, मग बॅकस्लॅश (\), मग यूजरनेम असं पूर्ण लिहावं.

विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून डावीकडचं ‘दिस पीसी’ निवडा. वरच्या पट्टीतल्या तीन टिंबांवर क्लिक केलं की ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ दिसतं. विंडोज १० मध्ये तेच ‘कॉम्प्युटर’ टॅबखाली आहे. ड्राइव्हचं अक्षर झेड (Z) राहू द्या. सुरुवातीची अक्षरं पेनड्राइव्हला लागतात. फोल्डरच्या चौकटीत दोन बॅकस्लॅश, सर्व्हरचं नाव, एक बॅकस्लॅश, शेअरचं नाव, मध्ये कुठेही जागा न सोडता. वेबसाइटच्या पत्त्यातला स्लॅश इथे वापरू नका. खाली ‘रीकनेक्ट अ‍ॅट साइन-इन’वर आधीपासूनच टिक असते, ती काढा. सामाईक लॉगिन असेल तर ‘कनेक्ट युझिंग डिफरंट क्रेडेन्शियल्स’वर टिक करा. मग ‘फिनिश’. पासवर्ड विचारणाऱ्या खिडकीत ‘रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स’ला हात लावू नका.

मशिनवर विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स सिस्टिम असेल तर मात्र फाइल्समध्ये ‘कनेक्ट टू सर्व्हर’च्या चौकटीत एसएमबी (smb), कोलन, दोन साधे स्लॅश, सर्व्हर, स्लॅश, शेअर असं लिहायचं आणि ‘फरगेट पासवर्ड इमिजिएटली’ निवडायचं.

जोडणी झाली नाही तर एररचा नंबर वाचा, तो नेमकं कारण सांगतो. ५३ किंवा ‘नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड’ आलं तर सर्व्हरपर्यंत पोहोचताच आलेलं नाही. स्पेलिंग तपासा, केबल तपासा, आणि मशिन पाहुण्यांच्या वायफायवर तर नाही ना, हेही पाहा. ही जोडणी ४४५ नंबरच्या पोर्टवरून (नेटवर्कच्या ठरावीक दारातून) चालते आणि ते पोर्ट अशा वायफायवर बहुधा बंदच ठेवतात. घरून जोडणीही याच कारणाने होत नाही. त्यासाठी कॉलेजचं व्हीपीएन, म्हणजे बाहेरून कॉलेजच्या नेटवर्कमध्ये नेणारी सुरक्षित जोडणी, हवं. ८६ म्हणजे पासवर्ड चुकला. आधीच्या मुलाने मराठी कीबोर्ड चालू ठेवलेला असू शकतो आणि पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसत असल्याने ते कळत नाही. विंडोज आणि स्पेसबार दाबून इंग्रजी आणा. ५ म्हणजे तुम्हाला ओळखलं, पण त्या फोल्डरची परवानगी नाही. शेअरचं नाव पुन्हा विचारा.

१२१९ जरा वेगळा. याच लॉगिनमधून त्याच सर्व्हरला दुसऱ्याच्या नावाने जोडणी आधीच चालू आहे, म्हणजे आधीचा विद्यार्थी तसाच उठून गेला. नावाऐवजी सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा आकड्यांतला पत्ता) टाकला की अनेकदा काम होतं, पण मग त्याचा फोल्डर तसाच उघडा राहतो. त्यापेक्षा साइन आउट करून पुन्हा लॉगिन करा.

पासवर्ड बरोबर असूनही डोमेनचं लॉगिनच होत नसेल तर कोपऱ्यातलं घड्याळ बघा. मशिन आणि सर्व्हरच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक असेल तर डोमेनवर ओळख तपासणारी कर्बेरॉस ही पद्धत ओळख नाकारते. जुन्या मशिनच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते.

वर्डच्या साध्या फाइलवर थेट ड्राइव्हवरच काम केलं तरी चालतं. चादरीच्या डिझाइनचं मोठं चित्र, व्हिडिओ किंवा हजारो बारीक फाइलींचा प्रोजेक्ट असेल तर आधी मशिनवर उतरवून घ्या आणि काम झाल्यावर झिप करून परत ठेवा. लहान फाइली एकेक करून पाठवायला फार वेळ लागतो. जागा पूर्ण भरू देऊ नका. वर्ड सेव्ह करताना आधी नवी तात्पुरती प्रत लिहितो, तिलाही जागा लागते. वीज गेल्यानंतर फाइल ‘लॉक्ड’ म्हणू लागली तर वर्ड बंद करा आणि त्याच फोल्डरमधली, लाटेच्या आणि डॉलरच्या चिन्हाने (~$) सुरू होणारी लपलेली फाइल काढून टाका. नीट बघून काढा: नेटवर्क ड्राइव्हवरून काढलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. चुकून मूळ फाइलच गेली तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ पाहा; सर्व्हरवर ती सोय चालू असेल तर जुनी प्रत तिथे सापडते.

उठताना सगळ्या फाइली बंद करा, झेडवर राइट क्लिक करून ‘डिस्कनेक्ट’ करा आणि मग साइन आउट. नुसतं मॉनिटर बंद करून जाऊ नका. पासवर्ड चुकून साठवला गेला असेल तर कंट्रोल पॅनेलच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून सर्व्हरच्या नावाची नोंद काढा, साइन आउट केल्याने ती जात नाही.