सण शनिवारी आला की या चुका टाळा

२०२६ चा रोश हशाना (ज्यू नववर्ष), म्हणजे बेने इस्रायली, महाराष्ट्रातल्या ज्यूंच्या, घरांतला नव्याचा सण, १२ सप्टेंबरला शनिवारी येतोय आणि दोन आठवड्यांनी सुक्कोतचा, म्हणजे मांडवांच्या सणाचा, पहिला दिवसही शनिवारीच, त्यामुळे काय बदलतं ते आत्ताच बघून ठेवा. ऑर्थोडॉक्स, म्हणजे जुन्या कडक पद्धतीचं सांगतोय हं, रिफॉर्म या सुधारणावादी पंथाकडे वेगळं असू शकतं.

सगळ्यात जास्त लोक शोफारला, म्हणजे रोश हशानाला फुंकतात त्या मेंढ्याच्या शिंगाला, फसतात. पोरांना मुद्दाम शनिवारी सिनेगॉगला नेतात आणि शोफार वाजतच नाही, मग पोरं हिरमुसतात. कारण असं की कुणी शोफार वाजवायला शिकायचा म्हणून हातात घेऊन रस्त्याने निघेल आणि शब्बाथला (शुक्रवार सूर्यास्त ते शनिवार रात्र, विश्रांतीचा पवित्र दिवस) सार्वजनिक जागेतून वस्तू नेणं मना आहे, म्हणून रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, त्या दिवशी तो बंदच ठेवला. सणाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी वाजतो, तेव्हा रविवार अजिबात चुकवू नका. सुक्कोतच्या लुलावचंही (खजुराची फांदी) हेच, शनिवारी हातात घ्यायचा नाही.

दुसरी चूक स्वयंपाकघरात. एरवी सणाला आधीच पेटलेल्या ज्योतीवर स्वयंपाक चालतो म्हणून लोक शनिवारीही करायला जातात, पण शब्बाथला नाही म्हणजे नाही, सगळं शुक्रवारी सूर्यास्ताआधी शिजवून हॉटप्लेटवर ठेवा. आणि शनिवारी दुपारी मोकळा वेळ आहे म्हणून रात्रीच्या जेवणाचं टेबल मांडू नका प्लीज, शब्बाथला दुसऱ्या दिवसाची तयारी करत नाहीत. चांदण्या दिसल्या की "बारूख हामावदील बेन कोदेश लेकोदेश" (एका पवित्र दिवसापासून दुसरा वेगळा करणारा धन्य असो) म्हणा, मग कामाला लागा. तेव्हा सणाचा दुसरा दिवस लागलेला असतो, म्हणून काडी ओढून नवी ज्योत पेटवता येत नाही, म्हणून शुक्रवारीच शनिवार रात्रीपर्यंत टिकेल असा दिवा लावून ठेवा, हे हमखास विसरतात. हावदाला (शब्बाथ संपल्याची प्रार्थना) त्या रात्री वेगळी नसते, किद्दुशमध्येच (द्राक्षरसावरची सणाची प्रार्थना) होते आणि मसाल्याचा वास घेत नाहीत.

योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा दिवस) मात्र शनिवारी आला तरी उपास धरायचाच, तिशा बआव (मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास) असेल तर तो रविवारी ढकलतात.

आणि हनुका, म्हणजे आठ दिवसांचा दिव्यांचा सण, ४ डिसेंबरला शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतोय. आधी हनुकाचा दिवा, मग शब्बाथचे, उलटं करू नका, आणि चांदण्या दिसल्यावरही अर्धा तास जळेल एवढं तेल घाला, नेहमीच्या छोट्या मेणबत्त्या पुरत नाहीत.