‘कोसला’वर प्रबंधिका लिहिताना पांडुरंगचा एकटेपणा शोधायचा कुठे?

एम.ए.ला भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी घेणाऱ्यांच्या प्रबंधिका बहुतेक एकाच साच्यातून निघतात. आधी अस्तित्ववाद, मग सार्त्र, काम्यू हे फ्रेंच लेखक, परात्मता म्हणजे स्वतःपासून नि जगापासून तुटलेपण, आणि पंधरा-वीस पानं उलटल्यावर कुठे पांडुरंग सांगवीकर, म्हणजे खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला नायक आणि निवेदक, उगवतो. तोवर निष्कर्ष ठरलेला असतो आणि कादंबरी फक्त दाखल्यांपुरती उरते. क्रम उलटा ठेवा. आधी संहिता, तात्त्विक चौकट शेवटी, तीही लागलीच तर.

कादंबरी १९६३ची, सहा भागांची. निदान दोनदा वाचायला हवी. पहिल्यांदा पेन्सिल हातात न घेता. दुसऱ्यांदा वहीत चार रकाने आखून: भाग आणि पान, जागा, सोबत कोण, पैसा कुणाचा. हा चौथा रकाना विद्यार्थी हमखास गाळतात. पण पांडुरंगचं घराशी असलेलं नातं, विशेषतः वडिलांशी असलेलं, पैशाच्या हिशेबातूनच ताणत जातं. पुण्यातली खोली, मेस, मित्रांवर उडवलेले पैसे या सगळ्यामागे सांगवीची, त्याच्या गावची, शेती आहे. ते नोंदवलं नाही तर त्याचा एकटेपणा हवेत तरंगायला लागतो.

रकाने भरत गेलात की एक गोष्ट आपोआप दिसते. पुण्यातल्या सुरुवातीच्या काळात हा मुलगा एकटा नाहीच. वसतिगृह, मित्रांचं टोळकं, पदं, कारभार, नुसती गजबज. म्हणजे ‘खेड्यातून शहरात आला आणि एकाकी झाला’ हे वाक्य चुकीचं ठरतं, आणि ते जवळपास प्रत्येक गाइडात सापडेल. तो माणसांत शिरतो, पुढाकार घेतो, खर्च करतो, फसतो आणि मग मागे सरतो. तेव्हा पहिलं प्रकरण गर्दीवर लिहा. एकटेपणा दुसऱ्यात येऊ द्या.

भाषेचं काम मात्र मनगट दुखेपर्यंत करावं लागतं. पहिल्याच ओळींत निवेदक नाव सांगतो, आणि आपण पंचवीस वर्षांचे आहोत हे सांगताना मध्ये ‘उदाहरणार्थ’ घालतो. स्वतःचं वय ही माणसाची सर्वांत पक्की माहिती, तीसुद्धा तो नमुन्यादाखल दिल्यासारखी देतो. स्वत्वाच्या शोधाबद्दल दोन पानं लिहिण्यापेक्षा या एका जागेवर अर्धं पान लिहिलंत तर परीक्षकाला तुमचं वाचन दिसेल. प्रत्येक भागातून सलग दहा पानं निवडा, त्यांतले ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ मोजा आणि आकडे तक्त्यात मांडा. मनीच्या, म्हणजे धाकट्या बहिणीच्या, मृत्यूची पानं वेगळी मोजा आणि शेजारच्या पानांशी ताडून बघा. आकडा म्हणजे निष्कर्ष नव्हे. कोणत्या वाक्यात शब्द आला, कुणाबद्दल बोलताना आला, हे लिहिल्याशिवाय तक्ता निरुपयोगी.

दोन पांडुरंग वेगळे ठेवा: जगणारा विद्यार्थी आणि पंचविशीत मागे वळून सांगणारा निवेदक. थट्टा कुणाची आहे, त्या वेळच्या मुलाची की आताच्या निवेदकाची, हे प्रत्येक उताऱ्याला विचारावं लागतं. दैनंदिनीच्या रूपात येणाऱ्या मजकुरात हे अंतर कमी होतं, म्हणून त्याचे उतारे वेगळ्या गटात ठेवा. तिसरा माणूस म्हणजे लेखक. नेमाडे सांगवीचे आणि पांडुरंगही सांगवीचा, एवढ्या आधारावर कादंबरीला आत्मचरित्र करून टाकणं ही सर्वांत स्वस्त चूक.

‘असामान्य, संवेदनशील नायक’ हा शब्दप्रयोगही जपून वापरा. अर्पणपत्रिका ‘शंभरातील नव्व्याण्णवांस’ आहे. पांडुरंगला गर्दीहून उंच ठरवायचं असेल तर या दोन शब्दांना उत्तर द्यावं लागेल.

उतारे बारा ते पंधरा पुरेत, प्रत्येकी सहा ओळींच्या आत, आणि प्रत्येकाखाली त्याच्या दुप्पट तरी तुमचं विवेचन. आवृत्त्यांत पानं बदलतात, म्हणून सुरुवातीला आवृत्ती नोंदवा आणि पानाबरोबर भागाचा क्रमांकही द्या. मार्गदर्शकांकडे वेगळी प्रत असली की याचं महत्त्व कळतं.

शेवटाबाबत सगळ्यांनाच घाई होते. पदवी न मिळवता पांडुरंग सांगवीला परततो आणि प्रबंधिका लिहिते की त्याला स्वतःची मुळं सापडली. नेमाडे पुढे देशीवादाबद्दल, म्हणजे साहित्य आपल्याच मातीतून आणि परंपरेतून यावं या विचाराबद्दल, जे बोलले ते इथे मागे नेऊन चिकटवू नका. गावातली पानं तेच रकाने पुढे ठेवून वाचा: तिथे सोबत कोण, काम काय, पैसा कुणाचा. पैसा अजूनही वडिलांचाच आहे. मौखिकीला ‘मग परतून त्याला मिळालं काय?’ हा प्रश्न येण्याची शक्यता दाट, तेव्हा वहीतली शेवटची दोन पानं सोबत न्या.