जिल्हा परिषदेच्या शाळेत संगणक आणि एआय शिकवायला घेताना

रुजू होऊन महिना होत नाही तोच नव्या शिक्षण सेवकाच्या कानावर एक वाक्य पडतं : "तुम्ही तरुण आहात, संगणकाचं तुम्हीच बघा." एमएस-सीआयटी झालेली असते, हातात स्मार्टफोन असतो, तेवढी पात्रता पुरेशी धरली जाते. हे टिपण अशा शिक्षकांसाठी आहे, आणि एखाद्या संस्थेतर्फे आठवड्यातून दोन दिवस गावात शिकवायला येणाऱ्या इंजिनिअर मुलामुलींसाठीही. समोर धरलेली शाळा साधी आहे : पहिली ते आठवी, सातवीत ४० मुलं, एका खोलीत दहा संगणक, त्यातले आठ चालू.

वरून काय येतंय ते थोडक्यात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आहे. सीबीएसईनं २०१९ पासून नववीला एआय हा ऐच्छिक विषय आणला. २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय आणि संगणकीय विचार शिकवण्याचं केंद्र सरकारनं जाहीर केलं आहे. परिपत्रकं येत राहतील. वर्गात मात्र एकाच आकड्याकडे लक्ष ठेवायचं : आठवड्यात एका मुलाचा हात कळफलकावर किती मिनिटं पडला?

हिशेब मांडून बघा. तासिका ३५ मिनिटांची. रांगेनं खोलीत जाऊन बसेपर्यंत ५ मिनिटं, जुन्या हार्ड डिस्कवरचं मशीन कामाजोगं होईपर्यंत ५, बंद करायला ३. उरली २२. आठ मशीनवर ४० मुलं, म्हणजे एकेका मशीनला पाच जण. वाट्याला साडेचार मिनिटंही येत नाहीत. आठवड्यात अशा दोन तासिका धरल्या तरी ९ मिनिटांच्या आतच. शिवाय पाचातला चौथा-पाचवा पडदाही नीट बघू शकत नाही.

यावर उपाय तीन, आणि तिन्ही एकदमच करावेत. मुख्याध्यापकांकडून दोन सुट्या तासिकांऐवजी एक जोडतासिका मागून घ्या. हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्याहून कितीतरी वेगवान साठवण) बसवा. सुरू होण्याचा वेळ मिनिटाच्या आसपास येतो. वर्गाचे दोन भाग करा : २० जण मशीनवर, २० जण शेजारच्या खोलीत किंवा व्हरांड्यात कागदावरच्या कामाला, मध्यावर अदलाबदल. ७० मिनिटांतून येण्याजाण्याची, अदलाबदलीची १४ मिनिटं वजा केली तर ५६ उरतात. आठ मशीनवर प्रत्येकी सरासरी ११ मिनिटं होतात, तीही दोन-तिघांच्या गटात. बंद पडलेली दोन मशीनं चालू करून घेतलीत तर बरोब्बर जोड्या बसतात आणि प्रत्येकी १४ मिनिटं मिळतात. म्हणून या कामात दुरुस्ती हाही शिकवण्याचाच भाग धरावा लागतो.

बहुतेक 'बिघडलेली' मशीनं फार बिघडलेली नसतातच. मशीन चालू होतं, पंखा फिरतो, पण पडदा काळा आणि बीप वाजतो : रॅम (मेमरीची पट्टी) काढा, सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासा, पुन्हा घट्ट बसवा. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यानंतर हे ठरलेलंच. संगणक चालतो पण एकही वेबसाइट उघडत नाही, सुरक्षेचा इशारा येतो : कोपऱ्यातली तारीख बघा. बहुधा ती कित्येक वर्षं मागे गेलेली असेल. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तो बदला, तारीख लावा, वेबसाइट उघडू लागतात. मशीन अजिबातच चालू होत नसेल तर आधी केबल आणि बोर्डावरचं बटण, मग एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा. रॅम विकत घेताना जुनी पट्टी सोबत न्या. डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही, आणि दुकानदार परत घेईलच असं नाही.

यूपीएस मे महिन्यात मरतात. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट उतरलेली असताना दीड महिना तशीच पडून राहिली की पुन्हा धड चार्ज होत नाही. सुट्टीत दोन-तीनदा कुणीतरी येऊन दिवसभर चार्जिंगला लावावी. शाळेजवळ राहणारा आठवीतला मुलगा आणि त्याचे वडील हे आनंदानं करतात. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तो किरकोळ प्रकार समजू नका. अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. वायरमन येऊन तपासेपर्यंत खोली बंद ठेवा. जूनमध्ये शाळा उघडल्यावर सगळी मशीनं एकदम सुरू करू नका. खिडक्या उघडून खोली कोरडी होऊ द्या, कॅबिनेट उघडून उंदरांनी काय कुरतडलंय ते बघा, मग एकेक.

विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा आधार (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि शाळांतली जुनी मशीनं बहुधा विंडोज ११ घेत नाहीत. तिथं विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाकावी. केरळातल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात आणि तिथल्या 'काइट' या शालेय तंत्रज्ञानाच्या सरकारी संस्थेनं सातवीच्या पुस्तकात २०२४ पासून एआयचा धडाही घातला आहे. लिनक्सवर मुलांचं अडतं ही भीती निराधार आहे. केरळची आणखी एक गोष्ट उचलण्यासारखी : 'लिटल काइट्स' नावाचे विद्यार्थ्यांचे क्लब. आपल्याकडे सहावी-सातवीतल्या सहा जणांचं संगणक दल करा. मशीन पुसणं, केबल मोजणं, तक्रारवहीत लिहिणं ही कामं त्यांच्याकडे द्या. दलात तीन मुली असल्याच पाहिजेत, नाहीतर वर्षभर माउस मुलांच्याच हातात राहतो. जोडीतही तेच होतं : धीट मूल माउस पकडतं, दुसरं मान डोलावतं. नियम सरळ ठेवा. एकानं नुसतं सांगायचं, दुसऱ्यानं नुसतं करायचं, सात मिनिटांनी शिट्टी आणि अदलाबदल. सांगणाऱ्यानं माउसला हात लावला की पाळी गेली.

आता बाहेरचा अर्धा वर्ग. इथं वेळकाढू चित्रकला नको. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातून सुरू झालेलं 'सीएस अनप्लग्ड' आणि संगणक क्षेत्रातल्या व्यावसायिकांची संघटना एसीएम इंडिया हिनं २०१६ मध्ये सुरू केलेला 'सीएसपाठशाला' उपक्रम यांत संगणकाविना करायचं भरपूर साहित्य आहे. पहिला पाठ द्विमान संख्यांचा, म्हणजे फक्त ० आणि १ नं संख्या लिहिण्याचा घ्यावा. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे १६, ८, ४, २, १ असे ठिपके काढा, पाच मुलं ओळीत उभी करा. १९ हवेत? १६, २ आणि १ उघडे, बाकीचे पालथे. उघडा म्हणजे १, पालथा म्हणजे ० : १००११. मग प्रत्येकानं आपल्या जन्मतारखेतला दिवस करून दाखवायचा. ३१ पर्यंतचे सगळे या पाच पत्त्यांत बसतात. चूक ठरलेली आहे. १६ चा पत्ता बघणाऱ्यांच्या डाव्या हाताला हवा. उभी असलेली मुलं आपल्या डावीकडून सुरुवात करतात आणि संख्या उलटी होते.

स्क्रॅच, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा. तिला सहावी-सातवीत सहा ते आठ आठवडे द्या. पात्र हलतं ती चौकट, म्हणजे स्टेज, ४८० बाय ३६० एककांचं, मधोमध शून्य. सहावीत पूर्णांक संख्या झाल्या की एक्स उणे २४० म्हणजे डावी कडा हे गणिताच्या तासाला आणि इथं एकदमच समजतं. त्याआधी ऋण संख्यांचे ठोकळे देण्याची घाई नको. मुलांची सगळ्यात जास्त तक्रार 'मांजर (स्क्रॅचचं सुरुवातीचं पात्र) गेलं' ही असते. पात्र कडेपलीकडे गेलेलं असतं किंवा लपवा हा ठोकळा आधी कधीतरी दाबला गेलेला असतो, आणि स्क्रॅच ती अवस्था लक्षात ठेवतं. हिरव्या झेंड्याखाली पहिले तीन ठोकळे कायमचे ठरवून टाका : दाखवा, मध्यावर जा, आकार १०० टक्के. दुसरी तक्रार काम हरवल्याची. सगळ्यांची फाइल एकाच नावानं एकाच जागी, एकावर दुसरी. फळ्यावर नावाचा साचा लिहूनच ठेवा, उदाहरणार्थ 'सातवी-गट४-मासा', आणि फोल्डर डी ड्राइव्हवर, म्हणजे विंडोज पुन्हा टाकताना पुसलं जाणार नाही. पेन ड्राइव्ह बाहेरचा लावू देऊ नका. शॉर्टकट व्हायरस (फायली लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणारा) अजून सगळीकडे आहे.

मराठी टायपिंग इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलक-मांडणीनंच शिकवा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, दिवसाला दहा मिनिटं. उच्चारावरून टायपिंग मुलं फोनवर आपलीआपण शिकतात. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका 'शिवाजी'सारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून घ्याव्या लागतील. नाहीतर कुठल्याही एआय साधनाला त्या निरर्थक इंग्रजी अक्षरांसारख्या दिसतात आणि उत्तरही तसंच येतं.

एआयची सुरुवात चॅटबॉटनं (प्रश्नाला लिहून उत्तर देणाऱ्या एआयनं) करू नये, हे आमचं ठाम मत. मुलं त्याला सर्वज्ञ मानून मोकळी होतात आणि आत काय चालतं हा प्रश्नच मरतो. सुरुवात धान्यापासून करा. तूर, मूग, मटकी, उडीद, हरभरा, मसूर मूठमूठभर आणायला सांगा. फक्त हो-नाही प्रश्न विचारून दाणा ओळखायचा. 'वाटाण्याहून लहान आहे का?' या प्रश्नानं मूग आणि उडीद वेगळे होत नाहीत, रंग विचारावा लागतो. मग डाळ ठेवा : सालासकट की सोललेली? नियम कोलमडतात. नियम लिहून भागत नाही तिथं उदाहरणं दाखवून शिकवावं लागतं, हे मुलं स्वतःच म्हणतात.

मग गूगलचं 'टीचेबल मशीन', म्हणजे फोटो दाखवून संगणकाला वस्तू ओळखायला शिकवण्याची वेबसाइट. लागतं काय : एक मशीन, एक यूएसबी वेबकॅम, आणि वेबसाइट उघडण्यापुरतं फोनचं हॉटस्पॉट. मशीनचं प्रशिक्षण ब्राउझरमध्येच होतं. प्रकल्प ऑनलाइन साठवला नाही तर फोटो मशीनबाहेर जात नाहीत. तीन वर्ग, म्हणजे उत्तराचे तीन प्रकार, करा : कडुनिंबाचं पान, शेवग्याचं पान, काहीच नाही. तिसरा विसरलात तर रिकाम्या बाकालाही मशीन ठामपणे कडुनिंब म्हणेल, कारण त्याला दोनच उत्तरं ठाऊक असतात. बटण दाबून धरलं की भराभर फोटो निघतात आणि मुलं दोनशेचा आकडा बघून खूश होतात. पण एकाच पानाच्या दोनशे फोटोंपेक्षा दहा वेगवेगळ्या पानांचे चाळीस फोटो कितीतरी कामाचे. तिन्ही वर्गांत फोटो साधारण सारखे ठेवा. इपॉक (सगळे फोटो किती वेळा फिरवून शिकायचे तो आकडा) ५० वरच राहू द्या. प्रशिक्षण चालू असताना टॅब बदलायची नाही, बदलली की ते अडकतं.

खरा पाठ यापुढे. एका गटाला मुद्दाम कडुनिंबाची सगळी पानं निळ्या भिंतीसमोर आणि शेवग्याची बाकावर दाखवायला सांगा. मग कडुनिंबाचं पान बाकावर धरा. मशीन बहुधा शेवगा म्हणतं. ते भिंत शिकलं होतं, पान नाही. सकाळच्या उजेडात शिकवलेलं दुपारी चुकतं, तेही करून बघा. शेवटी प्रशिक्षणात न वापरलेली २० पानं घ्या आणि वहीत तक्ता करा : खरं काय, मशीन काय म्हणालं. किती चुकलं यापेक्षा कशाला काय समजलं हे पाहायचं. या तक्त्यासाठी एक अख्खी जोडतासिका द्या, घाई करू नका. वर्षभरात एआयचं एवढंच झालं तरी हरकत नाही.

चॅटबॉट मग शिक्षकानं आपल्या खात्यावरून, प्रोजेक्टरवर. गावच्या जत्रेबद्दल, ओढ्याबद्दल, शाळा कधी सुरू झाली याबद्दल विचारा. उत्तर आत्मविश्वासानं येतं आणि बरंचसं रचलेलं असतं. मुलं पहिल्या वाक्यातच पकडतात. मराठीतली लिंगाची गडबड आणि हिंदी वळणही शोधायला लावा, व्याकरणाचा उत्तम सराव होतो. मुलांना स्वतंत्र खाती काढून देऊ नका. बहुतेक सेवांची किमान वयोमर्यादा १३ आहे आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरलं आहे. त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. निकालपत्रकं, आधार क्रमांक, मुलांचे फोटो अशा साधनांत टाकून तक्ते करून घेण्याचा मोह शिक्षकांनाच जास्त होतो. नावं काढून हजेरी क्रमांक ठेवा, नाहीतर करू नका.

पैशाचं. सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या अनुदानातून, यूपीएसची बॅटरीसुद्धा जेमतेम बसते. कंपनी सीएसआरमधून (सामाजिक कामांसाठीच्या निधीतून) काही देऊ म्हणाली तर नवे संगणक मागू नका. एसएसडी, रॅम, वेबकॅम आणि तीन वर्षांची देखभाल मागा. देणाऱ्याला फोटोसाठी खोकी हवी असतात, तेव्हा हा आग्रह जरा चिकाटीनं धरावा लागतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात वीजबिल कोण भरणार हे लिहून घ्या. मीटर कापलं गेलं की बाकी सगळं फोल. 'अटल टिंकरिंग लॅब' ही केंद्राची शालेय प्रयोगशाळा योजना सहावी ते बारावीसाठी आहे, अनुदान पाच वर्षांत २० लाखांपर्यंत, पण जागेची आणि मनुष्यबळाची अट पेलते का ते आधी बघा. मायक्रोबिट (छोटा शिकाऊ संगणक-बोर्ड), रोबोटिक्सची किटं एकदा आली की डेड स्टॉकला (कायम वस्तूंच्या नोंदवहीत) चढतात, आणि हरवण्याच्या भीतीनं कपाटात राहतात. सुटे भाग उपभोग्य साहित्य म्हणून वेगळ्या वहीत चढवता येतात का, हे केंद्रप्रमुखांना सुरुवातीलाच विचारा. बिघडलेलं मशीन परस्पर भंगारात देऊ नका. निर्लेखन (नोंदवहीतून रीतसर कमी करणं) होईपर्यंत ते नोंदवहीत तुमच्या नावावर असतं.

संस्थेतर्फे येणाऱ्यांनी करार नीट वाचावा : किती महिन्यांचा, पीएफ आहे का, गावांचा प्रवासखर्च कोण देणार. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत संगणक शिक्षकाचं वेगळं कायम पद सहसा नसतं, म्हणून हे काम बहुधा कंत्राटीच असतं. वर्गशिक्षकाला सोबत बसवल्याशिवाय तासिका घेऊ नका. तुम्ही गेल्यावर खोलीचं कुलूप उघडणार तेच.

आणि बदली होणारच आहे. त्याआधी एक पातळ फाइल करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा : प्रत्येक मशीनचा क्रमांक आणि त्यात घातलेले भाग, पासवर्ड, वॉरंटीची बिलं, यूपीएस बॅटरी बदलल्याच्या तारखा, ज्या दुकानातून माल घेतला त्याचं नाव, संगणक दलातल्या मुलांची यादी. पासवर्ड शाळेच्या ईमेलवरूनच काढलेले असावेत. ते तुमच्या फोन नंबरला जोडलेले राहिले तर पुढच्या शिक्षकाचे ओटीपी दोन वर्षं तुमच्याकडेच येत राहतील.